सुशीला आणि पुनरुत्थान

आमच्या नांदेडच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी मेलं तर मेलं म्हणत नाहीत, प्रभूमध्ये झोपी गेले म्हणतात. आता तर मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर सकाळी सकाळी अमुक तमुक प्रभूमध्ये झोपी गेले असा मेसेज येतो, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि एक रिटायर्ड गुरुजी आहेत ते न चुकता अंगठा दाखवतात. गुरुजी, हा अंगठा बरा दिसत नाही, असं त्यांना कोणी सांगत नाही. मीही सांगत नाही, कारण मला त्याची गंमत वाटते, आणि माझा नंबर लागेल तेव्हा तो अंगठा मलाही मिळावा अशी माझी इच्छा आहे. झोपेच्या भाषेवर माझा राग नाही. फक्त मी अशा माणसाच्या घरात वाढले, की ज्याची खरीखुरी झोप अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. त्यामुळे याकोबमामा झोपी गेले असं जेव्हा कोणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मग एवढं शांत कसं?

याकोबमामा म्हणजे माझ्या मार्थाआत्याचे यजमान, अहमदपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि आमच्या नांदेडच्या घरात पोरीच पोरी. दहावी झाल्यावर वडिलांनी मला उचलून अहमदपूरला नेऊन टाकलं. तिथलं कॉलेज चांगलं आहे असं कारण सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं होतं, की आत्याला घरात बोलायला कोणीतरी हवं होतं, कारण नवरा-बायकोचं आपसात बोलणं वर्षातून निम्मा वेळ बंदच असायचं.

घर स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या, वर पत्रे, पुढं फरशी टाकलेलं अंगण. एका बाजूची भिंत खाजाबीच्या घराला लागून, आणि ती अंगणात इतकी बुटकी होती की उभ्या माणसाला पलीकडची चूल दिसावी. खाजाबीचा नवरा गाद्या भरायचा, त्याच्या कापूस पिंजण्याचा टंग टंग आवाज दिवसभर चाललेला. त्यात स्टँडवरचे हॉर्न, मशिदीतली अजान, आणि या सगळ्यांच्या वर मामांचा आवाज. वारं आमच्या बाजूला असलं की स्पीकरवरून तो थेट स्वयंपाकघरात यायचा: शिरूर ताजबंद मार्गे उदगीरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी घाई करू नये. आत्या भाकरी थापता थापता कान टवकारायची. "घसा बसलाय आज त्याचा," म्हणायची, आणि संध्याकाळी मामा घरी आले की त्यांच्यापुढं हळदीचं दूध आदळायची. आदळायची असं म्हणते, कारण तेव्हा बहुतेक अबोला चालू असायचा. मामा घरातही त्याच आवाजात बोलायचे. साधं "चहा आण" म्हणाले तरी वाटायचं चहा आता नांदेडला निघणार. आणि आत्या तोंडावर त्यांना अहो-जाहो करायची, पाठीमागं मात्र सरळ "त्यो".

त्यांचा अबोला बघण्यासारखा असायचा. भांडण मिठावरून, पंख्यावरून, कशावरूनही व्हायचं, पण एकदा तोंडं फिरली की फिरली. मग मध्ये खाजाबी. मामा अंगणात दात घासत भिंतीकडं बघून म्हणायचे, "भाभी, सांगा तिला, माझा खाकी शर्ट कुठंय." खाजाबी चुलीपुढून म्हणायची, "मार्था, शर्ट पूछ रे." आत्या मामांपासून दोन हातांवर उभी असायची तरी भिंतीला उत्तर द्यायची, "सांगा भाभी, डोळे असतील तर खुंटीला हाय म्हनावं." मी गेल्यावर खाजाबीचं निम्मं काम माझ्याकडं आलं. आणि संध्याकाळी तर विचारूच नका. आमच्या घरी दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना व्हायची, चटईवर बसून, डोळे मिटून. अबोल्याच्या दिवसांत मामा प्रार्थना करायचे, "हे दयाळू पित्या, या घरातल्या काही लोकांना नम्रता दे, त्यांच्या जिभेला आवर घाल." आमेन होण्याआधी आत्या सुरू करायची, "प्रभू येशू, काही माणसं खाल्ल्या मिठाला जागत न्हाईत, तरी त्यांना क्षमा कर, तुला सगळं दिसून राहिलंय." मध्ये मी. मला तेव्हा देवाची खरंच दया यायची. मी एक डोळा उघडून बघायची तर दोघांचेही डोळे घट्ट मिटलेले, आणि दोघंही मनापासून प्रार्थना करत असत.

आता सुशीलेबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं झालं. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं म्हणून सांगते, सुशीला म्हणजे आमच्याकडचा सकाळचा नाष्टा. चुरमुरे पाण्यात भिजवायचे, लगेच पिळून घ्यायचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद घालून फोडणी द्यायची, वरून फुटाण्याच्या डाळीची पूड आणि कोथिंबीर. नाव का पडलं देव जाणे. पोहे बाहेरच्या लोकांचे, सुशीला आमची. सगळी करामत पिळण्यात. हात जरा रेंगाळला की गोळा होतो. मामांना रोज सकाळी सुशीला लागायचीच, आणि रोज सकाळी ते म्हणायचे की त्यांच्या मायच्या हातची सुशीला अशी मोकळी असायची, की फुंकर मारली तर उडून जाईल. मामांची माय बिलोलीकडची. मी तिला पाहिलं नव्हतं, पण तिची सुशीला मला तोंडपाठ होती.

मामा गेले त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्याकडं डेपोतले दोन साहेब सकाळी चहाला आले. आत्यानं घाईघाईत सुशीला केली आणि ती खरंच गिच्च झाली. झाली तर झाली, गप खायची. पण मामा साहेबांसमोर त्यांच्या त्या स्पीकरच्या आवाजात म्हणाले, "साहेब, चमचा नका वापरू, सुरी आणवतो." साहेब हसले. साहेब गेल्यावर तिनं कढई अंगणात आणून उपडी घातली आणि भिंतीला सांगितलं, "भाभी, ऐकून घ्या. आजपासून ह्या घरात सुशीला व्हनार न्हाई." मामाही भिंतीलाच म्हणाले, "नको होऊ दे म्हणा." झालं. सकाळी चहा आणि कालची भाकरी. मामा भाकरी चहात बुडवायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांचं तोंड बघून मला हसू यायचं. खाजाबी भिंतीवरून म्हणायची, "क्या मां, दोनों बच्चों के सरीखा कर रै."

मग एका सकाळी मामा उठले, तोंड धुतलं, आणि बराच वेळ भिंतीपाशी उभे राहिले. खाजाबी चुलीला लाकूड घालत होती. मामा हळू म्हणाले, त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं, "भाभी, सांगा तिला. थोडी सुशीला कर म्हणावं." खाजाबीनं हसत हसत निरोप दिला. मी आत्याकडं बघितलं. तिच्या डोक्यावरच्या फळीवर चुरमुऱ्यांचा डबा काठोकाठ भरलेला होता, आदल्याच दिवशी मी आणलेले. आत्या म्हणाली, "चुरमुरे संपलेत म्हनावं." मामांनी शर्टाची बटणं लावली, चहाही न घेता निघून गेले. ऊन तापायच्या आत लातूरची गाडी फलाटावर लागल्याचं त्यांनी सांगितलं, ते आम्ही ऐकलं, आणि मग ते खुर्चीत बसले ते बसलेच. चार कंडक्टर त्यांना घेऊन आले तेव्हा आत्या भांडी घासत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि मामांच्या शर्टाचं उघडं राहिलेलं एक बटण लावलं.

मातीच्या दिवसाचं काय सांगू. सुताराला पेटीचं माप कोणीतरी कळवलं ते उंचीचं. मामांच्या पोटाबद्दल कोणी बोललंच नाही. झाकण बसेना. मंडळीतले दोन तरणेताठे गडी झाकणावर हात ठेवून, गंभीर चेहरा करून दाबत होते, आणि बाजूला गाणारे लोक विसाव्याचं गीत तिसऱ्यांदा म्हणत होते, कारण पेटी बंद होईपर्यंत थांबता येत नव्हतं. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडू, आणि नाकातून काहीतरी भलताच आवाज निघाला. खाजाबी तर भिंत ओलांडून आल्यासारखी आली आणि छाती पिटून रडायला लागली. अहमदपूरच्या मंडळीत दीनाबाई म्हणून होत्या, गाणाऱ्यांच्या पुढारी, कोणाचंही सांत्वन करायला सगळ्यांत आधी हजर. त्या खाजाबीला म्हणाल्या, "बाई, आमच्यात असं रडत नसतात. आम्हाला आशा आहे. पुन्हा भेट होणार आहे." खाजाबी म्हणाली, "तुमको मिलनेका है तो मिलो अम्मा, मेरेकु रोने दो," आणि पुन्हा गळा काढला. मला आजही वाटतं की त्या दिवशी अंगणात एवढं एकच वाक्य कामाचं बोललं गेलं.

आत्या रडली नाही. टिपूस नाही. ताठ बसून होती. दीनाबाई सगळ्यांना दाखवत होत्या, "बघा, याला म्हणतात विश्वास. शिका." मी शेजारी बसलेली होते, मला माहीत होतं तो विश्वास-बिश्वास काही नव्हता. आत्या रागात होती. मामांवर, चुरमुऱ्यांवर, स्वतःवर. पुढचे कितीतरी दिवस लोक येत राहिले आणि तेच ते बोलत राहिले. कोणी म्हणालं, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. आत्या म्हणाली, "मंग ह्याला कामून नेलं?" कोणी म्हणालं, प्रभूनं आपल्या बागेतलं फूल तोडलं. आत्यानं नुसतं मामांच्या फोटोतल्या पोटाकडं बघितलं. लोक वाईट नव्हते. मीही पुढं आयुष्यभर मयताच्या घरी जाऊन असंच काहीबाही बोलून आले आहे. त्या घरात शिरलं की डोकं चालत नाही, तोंड तेवढं चालतं.

पण दीनाबाई भेटीचा मुद्दा सोडीनात. दर खेपेला तेच. "मार्थाबाई, दुःख करू नका, तुमची आणि याकोबरावांची त्या तीरावर भेट होणार." शेवटी एक दिवस आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "दीनाबाई, मला न्हाई भेटायचं त्याला." दीनाबाईंना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "असं कसं? स्वर्गात…" "तिथं त्यो असंल तर मी येत न्हाई. मला कुठं दुसरीकडं ठिवा म्हनावं." दीनाबाईंनी चहा तसाच सोडला. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या मंडळीत झालं, की मार्थाबाईनं स्वर्ग नाकारला. पुढच्या रविवारी मामांची स्मरणभक्ती ठरलेली होती. तिथं विधवेनं उभं राहून साक्ष द्यायची असते, की मला आशा आहे, माझ्या माणसाची आणि माझी पुन्हा भेट होईल. आत्यानं साफ सांगितलं, मी येणार नाही आणि खोटं बोलणार नाही. आता नवऱ्याच्याच स्मरणभक्तीला बायको नसली तर मंडळीत काय तोंड दाखवायचं, या काळजीनं माझे वडील नांदेडहून दोनदा येऊन गेले. मला त्याची काळजी नव्हती. मला काळजी ही होती, की आत्या जेवत नव्हती. भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ताटात ठेवायची, आणि चुरमुऱ्यांच्या डब्याला हातही लावू द्यायची नाही.

म्हणून मग मंडळीचे नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आले. पुण्यात वाढलेले, नुकतेच आमच्याकडं नेमणूक झालेले, कोवळे. मिशी अजून नीट ठरायची होती. बोलणं इतकं शुद्ध, की आत्या त्यांच्यासमोर पदर दोनदा नीट करायची. त्यांना अंगणात खुर्ची दिली, आत्या खाली चटईवर, मी आत चहाला आधण ठेवून दाराशी. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "मावशी, तुमचं आणि याकोबरावांचं काही झालं होतं का?"

"झालं ना," आत्या म्हणाली. "सुशीलावरनं झालं."

पाळकसाहेबांनी विचारलं, "सुशीला?"

"हाव. त्याला सुशीला पायजे होती. मी म्हनलं, ह्या घरात सुशीला दिसायची न्हाई."

मी आत गाळणी हातात धरून उभी, आणि मला पाळकसाहेबांचा कान दिसत होता. तो लाल व्हायला लागला होता. पुण्यात सुशीला खात नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी बाहेर जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण खरं सांगते, कितीतरी दिवसांनी घरात काहीतरी मजेचं घडत होतं, माझे पाय हलेनात.

"हे… किती दिवसांपासून चाललं होतं?"

"दिवस? लगीन व्हायच्या आदीपासनं. त्याच्या मायनंच सवय लावली की वो."

"त्यांच्या आईने?"

"मंग कोन? सकाळी डोळा उघडला की सुशीला. आन् मला उठता बसता तेच, मायच्या घरची सुशीला कशी, मायच्या घरची सुशीला कशी. मी काय कमी केलं त्याच्यासाठी?"

"आणि तुम्ही हे सगळं सहन केलंत."

"सहन काय, मीच तर करत होते समदं. अन् मी न्हाई म्हनलं की जायचा खाजाबीकडं."

पाळकसाहेबांनी बुटक्या भिंतीकडं पाहिलं. पलीकडं खाजाबी कोंबड्यांना दाणे टाकत होती, तिनं त्यांना हात उंचावून सलाम केला. त्यांनी घाईनं मान वळवली. "यांच्याकडेसुद्धा?" ते पुटपुटले.

"तिचीबी बरी असती," आत्या म्हणाली, "पन लई तिखट."

मी दुपट्टा तोंडात कोंबला. पाळकसाहेबांनी पाण्याचा तांब्या उचलून अर्धा संपवला. इतक्यात आत्याचा आवाज बदलला. ती चटईच्या काड्या उपटत म्हणाली, "त्या दिशीबी सकाळी मागितली. मागायचा न्हाई कधी असा, पन मागितली. मी न्हाई म्हनलं. तसाच गेला त्यो." आणि माझं हसू तिथल्या तिथं गेलं.

पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं. माणूस मनानं खरा चांगला. समोर बसलेल्या बाईला नवऱ्यानं जन्मभर छळलं, असा त्यांचा समज, आणि तिला सोडवायचंच या इराद्यानं ते पुढं झुकले. ते म्हणाले, "मावशी, घाबरू नका. प्रभूला एकदा लोकांनी असाच प्रश्न विचारला होता. एक बाई होती, सात भाऊ होते. पहिल्याशी लग्न झालं, तो मेला. मग दुसऱ्याशी, तोही मेला. असे सातही…"

"सातबी मेले?" आत्यानं मान वर केली. "काय घालत होती ती जेवनात?"

"ते… ते लिहिलेलं नाही. तर त्यांनी विचारलं, पुनरुत्थानानंतर ती कोणाची बायको? प्रभू म्हणाला, तिथे लग्न करत नाहीत की लावून देत नाहीत. तिथे सगळे देवदूतांसारखे असतात. म्हणजे मावशी, तुम्हाला याकोबरावांची बायको म्हणून राहावं लागणार नाही. तुम्ही मोकळ्या आहात. आणि ती सुशीला," इथं त्यांचा आवाज कडक झाला, "ती तर तिथे अजिबात नसणार. याची मी खात्री देतो."

आत्यानं चटईच्या काड्या सोडल्या. मला वाटलं सुटली बिचारी. तिला हेच तर हवं होतं, भेट नको, नवरा नको. तिनं विचारलं, "मी त्याची कोनी नसंल?"

"नाही."

"आन् सुशीलाबी नसंल."

"मुळीच नाही."

"मंग त्यो तिथंबी उपाशीच का वो?" आत्या म्हणाली, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो मला आज या वयातही ऐकू येतो. मातीच्या दिवशी न आलेलं सगळं एकदम आलं. ती जमिनीवर हात आपटत होती, उपाशी गेला, माझ्या दारातून उपाशी गेला, डबा भरलेला होता, मी खोटं बोलले, एवढंच पुन्हा पुन्हा. मी धावत जाऊन तिला धरलं आणि मीही रडले, कारण मामा मलाही हवे होते. त्यांचा तो गाडी पुकारल्यासारखा आवाज मला हवा होता. खाजाबी भिंतीवरून ओरडली, "क्या बोले रे तुम उसकू?" पाळकसाहेब उभे राहिले, शास्त्र हातातून निसटलं, चेहरा पांढराफटक.

"साहेब," मी नाक ओढत म्हणाले, "सुशीला म्हणजे चुरमुरे."

"काय?"

"चुरमुरे. भिजवून फोडणी देतात. पोह्यांसारखं."

पाळकसाहेब खुर्चीवर बसले. आत्याचं रडणं हळूहळू थांबलं, तिनं पदरानं तोंड पुसलं, त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं. "तुमाला काय वाटलं? बाई?" पाळकसाहेबांनी जमिनीकडं बघत मान हलवली. "त्याला? बाई?" आत्याचे खांदे हलायला लागले. "अगं बया! आन् खाजाबी? भाभी, ऐकलं का, तुमीबी त्याच्यात होत्या!" खाजाबीला सगळं कळल्यावर तिनं "तोबा तोबा" करत भिंतीला टेकून घेतलं. आम्ही तिघी हसलो, मध्येच रडलो, पुन्हा हसलो. पाळकसाहेब आमच्याकडं असे बघत होते, जसं काही यांच्यासाठी कुठलं वचन काढावं ते त्यांना कळत नव्हतं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं रडणं आणि हसणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मग आत्या शांत झाली, आणि तिनं जे विचारलं ते अगदी साधेपणानं विचारलं. "साहेब, झालं ते झालं. आता एक खरं सांगा. उपाशी गेलेला मानूस उठतो, तवा उपाशीच उठतो का?"

पाळकसाहेबांच्या जागी दीनाबाई असत्या तर त्या तीरावर भूक नाही, तहान नाही, असं काहीतरी म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. ते म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी." मग जमिनीवर पडलेलं शास्त्र त्यांनी उचललं, झटकलं, पण उघडलं नाही. तोंडानंच सांगू लागले. प्रभू येशू मरणातून उठला आणि आपल्या माणसांमध्ये येऊन उभा राहिला. त्यांना वाटलं भूतच आहे. घाबरून कोणी जवळ जाईना. मग त्यानं काय करावं? मोठं प्रवचन नाही केलं. त्यानं विचारलं, तुमच्यापाशी खायला काही आहे का? त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला. तो त्यानं घेतला आणि सगळ्यांदेखत खाल्ला.

"उठल्या उठल्या?" आत्यानं विचारलं.

"त्याच दिवशी."

"भूक लागली होती त्याला."

"तसंच दिसतं."

"आन् सोताच्या तोंडानं मागितलं? मधी कुनाला न घालता?"

"हो. स्वतः मागितलं."

आत्या उठली, आत गेली. मला वाटलं पडून राहील. तर फळीवरून डबा काढल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा, मग मिरचीच्या फोडणीचा ठसका अंगणात आला आणि पाळकसाहेब शिंकले. तिनं तीन बशा आणल्या, चौथी भिंतीवरून खाजाबीला दिली. ती स्वतःही जेवली, पोटभर. सुशीला गिच्च झाली होती. पाळकसाहेबांना चांगली कशी असते हे कुठं माहीत, ते दोनदा मागून खात होते.

लोक मला विचारतात, विशेषतः तरुण पोरं, की तुमचा पुनरुत्थानावर खरंच विश्वास आहे का हो जयामावशी? मी फार शिकलेली ख्रिस्ती नाही. प्रवचनात मला झोप येते, आणि स्वर्गातल्या सोन्याच्या रस्त्यांचं मला कधी आकर्षण वाटलं नाही, तिथं चालताना घसरायला होईल असंच वाटतं. पण मरणाच्या पलीकडून आलेल्या माणसानं पहिल्यांदा खायला मागितलं, हे मला पटतं. हे कोणी रचून सांगणार नाही. रचलं असतं तर काहीतरी भारदस्त रचलं असतं.

रविवारी आत्या आली. माझ्याबरोबर, कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, आणि मागून येऊन शेवटच्या बाकावर खाजाबीही बसली, काळी चादर पांघरून. दीनाबाईंनी रुमाल तयार ठेवलेला. गीतं झाली, वचन झालं, मामांच्या स्वभावाबद्दल दोन वडील माणसं न लाजता खोटं बोलली, आणि मग पाळकसाहेब म्हणाले, मार्थामावशी साक्ष देतील. सगळ्या माना वळल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. आत्या उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि समोर टांगलेल्या क्रुसाकडं न बघता मामांच्या फोटोकडं बघून बोलायला लागली.

"सलाम मंडळी. माझा मालक माझ्याशी न बोलता गेला. मीबी बोलले न्हाई. त्यानं खायाला मागितलं, ते भिंतीवरनं मागितलं. मी दिलं न्हाई, त्याचं मला लई वाईट वाटून राहिलंय. मला त्याला भेटायचं नव्हतं ते ह्याच्यामुळं. काय तोंडानं भेटू? पन पाळकसाहेबांनी सांगितलं, प्रभू उठला आन् त्यानं आदी खायाला मागितलं. म्हंजे ह्योबी मागंल. पोटाची सवय काय एकाएकी सुटत न्हाई कुनाची." कोणीतरी खोकलं. आत्या थांबली नाही. "म्हनून मला आशा हाय. भेट हुईल. मी चुरमुरे भिजवून ठिवीन, चांगले पिळीन. पन पयले त्यानं बोलायचं. खाजाबीला मधी घालायचं न्हाई, ह्या पोरीला घालायचं न्हाई, देवालाबी घालायचं न्हाई. सरळ मला बोलायचं, नाव घिऊन. लगीन झाल्यापासनं एकदाबी घेतलं न्हाई त्यानं. मार्था म्हनायचं. मंग वाढते."